लोडवरचं रीडिंग

१७ फेब्रुवारी २०२१, बुधवार

जळालेल्या मोटरचा वास आला नाही!

किसनरावांनी सकाळी तीन एचपीची मोनोब्लॉक पंपाची मोटर रिवाइंडिंगला दुकानात आणून टाकली. कव्हर काढलं. वाइंडिंग काळं ठिक्कर, स्लीव्ह वितळून तारेला चिकटलेल्या. अशी मोटर उघडली की कडवट जळका वास थेट घशात जाऊन बसतो, दोन दिवस चहालाही तीच चव. आज काहीच नाही. नाक लावून हुंगलं. नाही. व्हार्निशचा डबा उघडला — त्यानं तर धडधाकट माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. पाण्याचा माठ हुंगल्यासारखं वाटलं.

किसनराव दारातून ओरडले, "काय हुंगून राहिला बे चंद्रभान? मोटर हाये का अत्तर?"

हसलो. पण त्यांना दारातूनच परत पाठवलं. दुकान बंद केलं, घरी आलो. इंदू कांदा चिरत होती. अर्धा कांदा उचलून नाकाला लावला. बायको पाहतच राहिली.

ताप ९९.४. दोनदा लावून पाहिला.

१८ फेब्रुवारी

सरकारी दवाखान्यात दोघांनीही स्वॅब दिला. मागचं लॉकडाऊन सोडलं तर सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या दिवशी दुकानाचं शटर खाली. कूलरचा सीझन तोंडावर. अकरा मोटरी रांगेत.

१९ फेब्रुवारी

दोघंही पॉझिटिव्ह.

डॉक्टर म्हणाले, दोघांचंही सौम्य आहे, घरीच राहा, सतरा दिवस, ऑक्सिजन मोजत जा. गोळ्या लिहून दिल्या. मला ताप, खोकला, नाक बंद. इंदूला नुसती अंगदुखी. "मले काई नाई झालं, कागदच चुकला," म्हणते.

संध्याचा अकोल्याहून फोन. "जयभीम बाबा. मी येऊ का?" म्हटलं, खबरदार! पोरगं सव्वा वर्षाचं आहे तुझं. तिथंच राहा.

मोटरींची वही घरी आणली आहे. रोजच्या मोटरींच्या तारेचा गेज, टर्न, अँपिअर लिहायची सवय. आता मोटरी नाहीत तर आमचीच रीडिंग लिहीन. दोन रकाने आखले — मी, इंदू. ऑक्सिमीटर दोन मागवले. एकाच बोटावर आलटून पालटून पाच-पाच वेळा लावून पाहिले. एकाचा फरक. चालेल. ज्याचा आकडा हलत नव्हता तो ठेवला, दुसरा फाटकावरून बंडूला दिला. बंडू म्हणजे शेजारी. शेतात वायर आणि घरात तोंड, दोन्ही मोकळं सोडतो.

२० फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बरोबर आठला फोन. बसस्टँडजवळच्या मेडिकलच्या रागिणीबाई. काल त्यांच्या नवऱ्यानं, कुलदीपनं, गोळ्यांची पिशवी फाटकाला अडकवली होती. मला वाटलं विषय संपला. तर आज बाईंचा फोन!

"चंद्रभानभाऊ, एकेक पाकीट हातात घ्या. कोणती कवा घ्याची, मी सांगते."

म्हटलं, ताई, पाकिटावर लिहिलं आहे. मला वाचता येतं. शाळा नववीपर्यंत झाली, बाकीचं सगळं मोटरींनी शिकवलं. आयटीआयची पोरं येऊन मला गेज विचारून जातात.

"म्हणून तर तुमाले सांगून राहिली. तुमी लिहून ठेवान."

बोलतात गोड. आणि चूक काढलीच — ॲसिडिटीची गोळी मी जेवणानंतर घेत होतो, ती उपाशीपोटी. तापाची दोन वेगळ्या नावांची पाकिटं घरात होती. एक डॉक्टरांची, एक आमच्या डब्यातली जुनी. दोन्हींत औषध एकच. दोन्ही घेतली असती तर दुप्पट डोस पोटात. मी दोन्ही घेणार होतो. हे त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळी सहाला परत फोन करणार म्हणे. रोज, सकाळ-संध्याकाळ. इतका वेळ कुठून येतो?

बोलता बोलता मध्येच थांबतात. लिहून घेत असाव्यात. मागं कसला तरी घरघराट चालू होता. कॉम्प्रेसर आहे. छोटा.

मी ९६, ९६, ९५. इंदू ९६, ९६, ९६.

२१ फेब्रुवारी

बाई म्हणतात, सहा मिनिटं घरातल्या घरात चाला आणि मग ऑक्सिजन मोजा. दोघंही.

आता ही कोणती पद्धत? मी त्यांना समजावून सांगितलं — आकडा घ्यायचा तर माणूस पाच मिनिटं शांत बसला पाहिजे, बोट गरम पाहिजे, हात टेबलावर पाहिजे. मी इंदूला तसंच बसवतो. तिचं बोट आधी माझ्या तळहातात चोळतो. तीनदा घेतो. हलत्या माणसाचं रीडिंग म्हणजे हलत्या तराजूवर कापूस!

"बसूनच घ्या भाऊ. पण चालून झाल्यावर बसा."

पाहू म्हटलं.

"अन् वहिनीले द्या फोन."

म्हटलं, तिचं काय विचारता, सगळं माझ्या वहीत आहे. ताप नाही, आकडा ९५, जेवण निम्मं. घ्या लिहून.

मागं ते मशीन घरघरत होतं. मग "बरं," म्हणाल्या.

२२ फेब्रुवारी

अमरावतीत आजपासून पुन्हा लॉकडाऊन. रस्त्यावर कुत्रंही नाही. अंग असं दुखतं की कुणीतरी मोटरच्या स्टेटरमध्ये घालून तारा ओढल्या आहेत.

बंडू भिंतीपलीकडून: "भाऊ, माया साडूनं त्या बारक्या गोळ्या घेतल्या ना, ते स्टेराइड की काय, दोन दिवसात ठण् उठला! तुमाले देऊ का पाकीट? वहिनीलेही होईल."

पाकीट भिंतीवर ठेवून गेला. मी घेतलं. खोटं कशाला लिहू, पाण्याचा ग्लासही भरला. मग सहाला फोन आला आणि सहज म्हणून नाव वाचून दाखवलं.

रागिणीबाई एकदम म्हणाल्या, "ठेवा खाली."

मग सावकाश सांगितलं. ऑक्सिजन चांगला असताना ती गोळी घेतली तर फायदा नाही, उलट अंगाची लढायची ताकद ती दाबते. ऑक्सिजन उतरला, तर तीच गोळी जीव वाचवते — पण कवा आणि किती, ते डॉक्टर ठरवते, साडू नाही. "अन् वहिनीले शुगर आहे ना? त्याहीची शुगर चारशेवर गेली असती भाऊ."

इंदूच्या शुगरच्या गोळ्या सहा वर्षं त्यांच्याच दुकानातून येतात. त्यांच्या लक्षात होतं. माझ्या नव्हतं.

पाकीट भिंतीवर परत ठेवलं. बंडू म्हणे, "कोन सांगते? मेडिकलवाली? ते बाई तर महिनाभर झाला दुकानातच दिसत नाई. नवराच बसते काउंटरवर. ते घरी आराम करून राहिली!"

म्हणजे घरी बसून फोन करतात. तरीच वेळ असतो. आणि तो कॉम्प्रेसर म्हणजे घरचा फ्रिज.

फोनवर तो आवाज घड्याळ लावून मोजला होता. सलग घरघर, आणि दर सात सेकंदांनी फुस्स करून हवा सुटते. फ्रिज असा करत नाही. झडप गेलेली असणार.

इंदू ९५, ९५, ९४.

२३ फेब्रुवारी

न राहवून सांगितलं. "ताई, तुमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर हवा सोडून राहिला. मी बरा झालो की पाहून देतो. फोनवर आवाज आयकून मोटर वळखतो मी."

त्या हसल्या. हसता हसता खोकल्या. "चालू द्या भाऊ. त्याच्या भरवशावरच चालून राहिलं सारं."

मग पुन्हा तेच — सहा मिनिटं चाललात का? वहिनीले फोन द्या. मी म्हटलं ती भाकरी टाकते आहे. खरंच टाकत होती. एक टाकायची आणि पाटावर बसायची. एक टाकायची आणि बसायची. मी विचारलं तर म्हणे, "चूल नाई पेटून राहिली." आमच्याकडे गॅस आहे! मी म्हटलं, बह्याडासारखं काय बोलतेस. ती म्हणाली, हो का, गॅस आहे का, आणि हसली.

इंदू ९५, ९४, ९५. मी ९६. माझा ताप गेला.

२४ फेब्रुवारी, बुधवार

हे नीट लिहायचं आहे. जसं झालं तसं.

सकाळी आठला रागिणीताईंचा फोन. म्हणाल्या, आज गोळ्यांचं राहू द्या, एक खेळ खेळू. पूर्ण श्वास घ्या आणि एका दमात मोठ्यानं एक, दोन, तीन मोजत जा, जिथं दम संपेल तिथं थांबा. मी मोजलं. एकतीस! म्हटलं, पाहा, त्रेपन्न वर्षांची छाती आहे.

"आता वहिनी. फोन स्पीकरवर टाका. आज नाई म्हणू नका भाऊ."

आवाज वेगळा होता. दिला.

मी हसून म्हटलं, ताई, ती दुसरी शिकलेली. तिला विसाच्या पुढं मोजता येत नाही.

इंदू आतून म्हणाली, "भाकरी मोजता येतात म्हनावं. तुमी किती खाता ते माहीत आहे मले." फोनजवळ येऊन बसली. पदर खोचला. मोजायला लागली.

अकरावर थांबली.

मी हसलो. वहीत लिहून ठेवतो, मी हसलो. "पाहा ताई, मी म्हटलं होतं ना—"

तिकडून कुणी हसलं नाही.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "पुढचा आकडा आठवला नाई का दम नाई पुरला?"

इंदू माझ्याकडे पाहत होती. माझ्याकडेच. मग म्हणाली, "बारा येते मले."

बस. एवढंच म्हणाली.

रागिणीताईंनी तिला मोरीपासून दारापर्यंत चालायला लावलं. मी घड्याळ धरलं. सहा मिनिटं पुरली नाहीत. तिसऱ्या मिनिटाला तिनं दाराची चौकट धरली. पाटावर बसवलं, बोट लावलं. ८६. पुन्हा लावलं. ८५. मी म्हटलं मशीन बिघडलं. माझ्या बोटावर लावलं — ९६. तिच्या — ८६.

भिंतीला टेकून खाली बसलो. सत्तावीस वर्षं माझ्या दुकानात एक नियम आहे: लोड दिल्याशिवाय मोटर बाहेर जात नाही. मोकळी फिरवली तर मेलेली मोटरही गुणगुणते. अँपिअर बरोबर, आवाज बरोबर, गिऱ्हाईक खूश. पंपाला जोडली, पाणी उचलायला लावलं की खरं कळतं. दहा पोरांना हे ओरडून शिकवलं. आणि माझी बायको मी पाच दिवस पाटावर बसवून, बोट चोळून, मोकळी फिरवत होतो. ९५, ९५, ९४, ९५. किती सुंदर अक्षरात लिहिलंय!

आणि ती भाकऱ्या टाकत होती. लोडवर. माझ्यासमोर.

रागिणीताई म्हणाल्या, "भाऊ, आता रागवाचं नाई, रडाचं नाई. १०८ ले फोन करा, मी जागा पाह्यते." अमरावतीत दोन ठिकाणी जागा नव्हती. पंचवीस मिनिटांनी परत फोन: अकोल्याला मिळाली, ऑक्सिजनची. संध्याला त्यांनीच कळवलं होतं. तिचा नंबर कुठून मिळाला? इंदूनं कधीतरी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिला होता म्हणे.

गाडी पावणेबाराला आली. मला चढू दिलं नाही, मी पॉझिटिव्ह. इंदूनं जाताना ओटा पुसला! दम लागलेला, आणि ओटा पुसते आहे. "पीठ दोन दिवसाचं आहे. तिखटाचा डबा वरच्या फळीवर. मटक्याचं पानी बदलजा." मग गाडीत बसल्यावर मास्कच्या आतून काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही. गाडीचं इंजिन चालू होतं, टॅपेट वाजत होते. मी टॅपेट ऐकले, ती काय म्हणाली ते नाही.

२५ फेब्रुवारी

संध्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसून आहे. आत सोडत नाहीत. ऑक्सिजन मास्क. मिनिटाला दहा लिटर. सी.टी. स्कोअर १४.

२६ फेब्रुवारी

रागिणीताईंना विचारलं, चौदा म्हणजे किती वाईट? त्यांनी "काळजी करू नका" असं म्हटलं नाही. म्हणाल्या, "पंचवीसपैकी चौदा. फुप्फुसाचा अर्ध्याहून जास्त भाग सुजला आहे. पण वेळेवर गेल्या. आज ते स्टेराइड त्याहीले सुरू झालं आहे — आता ते बरोबर आहे. शुगर वाढन, इन्सुलिन लावतील, घाबरू नका."

बंडूच्या पाकिटातलंच औषध. तेच. वेळ वेगळी.

मला जे समजतं ते समजलं. कपॅसिटर योग्य जागी लावला तर मोटर उचलते, चुकीच्या जागी लावला तर जळते.

भाकरी जमत नाही. पीठ भिजवतो, थापतो, उचलली की नकाशा होतो. खिचडी खाल्ली. चव नाही. चव माझ्या नाकामुळे नाही की खिचडीमुळे, कळायला मार्ग नाही.

२७ फेब्रुवारी

पंधरा लिटर. पालथं झोपवतात.

२८ फेब्रुवारी, रविवार

संध्याचा फोन, नुसती रडते. कुणीतरी फाटकापाशी सांगितलं, अमुक इंजेक्शन आणा, नागपूरला मिळते, नाहीतर माणूस जाते. मी म्हटलं आणतो, कुठूनही आणतो. मोटरसायकलची किल्ली घेतली. फाटकापर्यंत गेलो. पार्बताबाई — समोरच्या, सत्तरीच्या — ओट्यावरून ओरडल्या, "अवो चंद्रभान! पॉझिटिव मानूस गावभर फिरून राहिला काय? वळा मांगं!"

वळलो. रागिणीताईंना ठरलेली वेळ नसताना फोन केला, चार वाजता. पहिल्यांदाच मी केला.

कितीतरी वेळ रिंग. मग आवाज, झोपेतून उठल्यासारखा. त्यांनी डॉक्टरांचं नाव विचारलं, स्वतः दवाखान्याच्या मेडिकलमध्ये बोलल्या, तासाभरानं सांगितलं: डॉक्टरांनी ते इंजेक्शन लिहिलेलंच नाही. जे लागतं ते चालू आहे. "फाटकावरचा मानूस डॉक्टर नाई भाऊ. तुमी कोनाच्या सांगन्यावरून वाइंडिंग बदलता का?"

नाही.

"तुमी एक काम करा. वहिनीले आवाज पाठवा तुमचा. मोबाइलवर बोला, संध्या तिथल्या सिस्टरच्या हातून आयकवन."

काय बोलू? अर्धा तास मोबाइल धरून बसलो. शेवटी म्हटलं, "इंदू. बाराच्या पुढं तेरा असते." आणि बंद केलं. हे काय बोललो! परत रेकॉर्ड करायला धीर झाला नाही. तेच पाठवलं.

२ मार्च

काल लिहिलं नाही. काल कुणी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की ती वाचत नाही.

आज सकाळी तशीच. संध्याकाळीही तशीच. रागिणीताई म्हणतात, "तशीच आहे म्हनजे उतरली नाई. आज तेवढंच धरा."

३ मार्च

सकाळचा फोन कुलदीपचा. "ताईले— म्हणजे रागिणीले आज बरं नाई, मीच विचारतो." आकडे घेतले, पण त्याला प्रश्न विचारायची पद्धत नाही. घाईत. म्हटलं, काय झालं? "काई नाई भाऊ, थकवा." तेवीस घरी फोन करते, म्हणाला. तेवीस! रोज दोनदा. मला वाटत होतं आम्हीच दोन-चार घरं.

बंडूला मी हे भिंतीवरून मोठ्यानं सांगितलं. आराम करते म्हणाला होता ना!

४ मार्च

बारा लिटर!!

आठला स्वतः रागिणीताईंचाच फोन. आवाज बसलेला. आकडा सांगितला तर तिकडून आधी नुसती घरघर आणि फुस्स. मग म्हणाल्या, "माय वं. बारा."

६ मार्च

आठ लिटर. संध्यानं व्हिडिओ कॉल लावून दिला. तोंडावर मास्क, केस विंचरलेले — सिस्टरनं वेणी घातली म्हणे. इंदू बोलली नाही. बोटं दाखवली. एक हात पूर्ण, मग दुसरा पूर्ण, मग तीन बोटं.

तेरा.

८ मार्च

माझे सतरा दिवस संपले. अकोल्याला निघतो म्हटलं, तर रागिणीताईंनी आधी सहा मिनिटं चालायला लावलं. मोरी ते दार. मोजून सहा. ९६ चे ९४. "आता दुकान उघडा, पन दोन तासच. अकोल्याले जाऊन काय करता? आत सोडत नाईत. संध्या आहे तिथं."

त्यांचं ऐकलं. मी! कुणाचं ऐकल्याचं या वहीत कुठंच नसेल.

दुकान उघडलं. किसनरावांची मोटर होती तशीच, उघडी. बसून सगळी जळकी तार काढली.

९ मार्च

व्हार्निशचा वास आला. अगदी पुसट. डोळ्यांत पाणी आलं — व्हार्निशनंच.

११ मार्च

चार लिटर, मग दोन. डॉक्टर म्हणाले परवा घरी सोडू. पण घरी काही दिवस ऑक्सिजन लागेल. मशीन मिळतं, हवेतूनच ऑक्सिजन काढतं, विजेवर चालतं. कुलदीप व्यवस्था करतो म्हणाला.

विजेवर! म्हणजे माझ्या हद्दीत आलं. दिवसभर घरातलं अर्थिंग तपासलं. पलंगाजवळ वेगळा पॉइंट काढला, जाड तार, स्वतंत्र स्विच. लाइट गेली तर? इन्व्हर्टर जोडला, साडेतीनशे वॉटचा लोड देऊन दोन तास चालवून पाहिला. लोड देऊन.

रागिणीताई हसल्या. "माह्याकडे नाई केलं कोनी एवढं." मी म्हटलं, तुमच्या फ्रिजसाठी पण येतो ताई, आता बरा आहे मी. म्हणाल्या, "या ना. पन घाई नाई."

१३ मार्च, शनिवार

आली!

गाडीतून उतरली तेव्हा साडी अंगावर लोंबत होती. नऊ किलो वजन गेलं. घरात पाय ठेवला आणि पहिलं वाक्य — "मटक्याचं पानी बदललं होतं का?"

रोज बदललं. तारीख टाकून लिहिलं आहे. वही दाखवली. तिनं पाहिली नाही, माठात हात घालून पाहिला.

पार्बताबाईंनी ज्वारीच्या सहा भाकरी पाठवल्या. मी इंदूला सांगितलं की मीही केल्या होत्या. "मंग?" म्हणे. म्हटलं, गाईनं खाल्ल्या. हसली, आणि हसताना थांबून श्वास घेतला, आणि मी या वेळी तो श्वास ऐकला. बोट धरलं. ९१. पाच मिनिटांत ९४.

तिला विचारलं, गाडीत बसताना काय म्हणाली होतीस? तिला आठवत नाही. खूप आठवायला लावलं. शेवटी म्हणाली, "काई नाई. तुमी जेवून घेजा, असंच काईतरी असन."

कुलदीप मशीन ठेवून गेला, खोक्यासकट. संध्याकाळी लावतो. आधी मॅन्युअल पूर्ण वाचणार.

१३ मार्च, संध्याकाळ

पाचला मशीन लावलं. घरघर. मग फुस्स. हात तसाच स्विचवर राहिला. घड्याळ काढलं. सात सेकंद. पुन्हा मोजलं. सात.

"कावून उभे राहिले असे?" इंदूनं विचारलं.

सहाला फोन आला. रागिणीताई विचारत होत्या — नळी नीट बसली का, वहिनीचा आकडा किती. तिकडे फुस्स. इकडे फुस्स.

म्हटलं, "ताई. आधी तुमी मोजा. एका दमात."

"जानेवारीपासून मशीनवर आहे भाऊ," म्हणाल्या. आणि मोजायला लागल्या. इंदू उठून बसली. मी बोटांवर मोजत गेलो.

अठरा.

वहीत तिसरा रकाना आखला. लिहिलं.

"काल पंधरा होते," म्हणाल्या.

तेही लिहिलं.